चिनी पावडर पाठवत नाही, पत्र पाठवते

बाओदिंग, हपेई प्रांत, चीन
२४ जुलै २०२५, दिव्यांची अवस

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मामाने सांगितलेली ती गुडघ्याची चिनी पावडर मी पाठवणार नाहीये. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई बाकीचं पत्र 'कधी पाठवतेय' एवढंच शोधत वाचणार नाही. फोनवर विषय निघाला की तू म्हणतेस, "एवढी चीनमध्ये राहतेस, एक पुडी पाठवता येईना?" आणि मागून बाबांचा आवाज येतो, "जाऊ दे, नको तिला त्रास." प्रश्न त्रासाचा नाही. इथे लोक औषध कसं घेतात हे जवळून बघितल्यावर पुडी पोस्टात टाकायला हात धजत नाही. फोनवर हे धड सांगता येत नाही. आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि गाडी घसरते. म्हणून हे लांबलचक पत्र.

विद्यापीठ शहरात असलं तरी आमचे गव्हाचे प्लॉट खेड्यात आहेत, आणि आठवड्यातले बरेच दिवस मी तिथेच एका आजींच्या घरी राहते. मी त्यांना नायनाय म्हणते. इथे बापाच्या आईला तसंच म्हणतात. जूनमध्ये गहू निघाला, आता त्याच रानात मका उभा आहे. गावात तरणं माणूस औषधालाही सापडत नाही. सगळे बीजिंग-त्येनजिनला, कोणी बांधकामावर, कोणी कुरिअरच्या स्कूटरवर. मागे राहिलेत म्हातारे आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं. त्यामुळे गावातलं दुखणंखुपणं म्हणजे कंबर, गुडघे, झोप, पोट आणि ब्लडप्रेशर. मुलांचं सर्दी-पडसं वेगळं.

नायनायच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक काळपट मातीचं भांडं आहे, चोच आणि आडवी मूठ असलेलं. त्यात फक्त काढा होतो. लोखंडाच्या भांड्यात काढा करायचा नाही म्हणजे नाही. मुळ्या, साली, बिया आधी अर्धा तास गार पाण्यात भिजवायच्या, मग उकळी आली की आच बारीक करायची. एकदा गाळून ठेवायचं, त्याच चोथ्यात नवं पाणी घालून पुन्हा उकळायचं, आणि दोन्ही काढे एकत्र करून सकाळ-संध्याकाळ प्यायचे. घरभर ज्येष्ठमधाचा आणि ओल्या लाकडाचा वास सुटतो.

गंमत म्हणजे ते भांडं नायनायचं नाहीच. मागच्या गल्लीतल्या एका बाईंचं आहे, केव्हातरी मागून आणलेलं. "मग परत नाही का केलं?" असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अशुभ बोलले. औषधाचं भांडं परत नेऊन द्यायचं नसतं, कारण त्याबरोबर आजारही त्यांच्या दारात जातो. ज्याचं आहे त्याला गरज पडली की तो येऊन घेऊन जाईल, नाहीतर मधेच तिसरा कोणी मागायला येईल. असं ते गावभर फिरतं, आणि सध्या कुणाकडे आहे यावरून कोण अंथरुणाला खिळलंय ते सगळ्यांना कळतं! उरलेला चोथा पूर्वी सर्रास रस्त्यावर टाकायचे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली तुडवला गेला की रोग घराबाहेर गेला, अशी समजूत. आपल्याकडे तिकटीवर उतारा ठेवतात तसंच, फक्त इथे ओलांडताना कोणी बिचकत नाही. आता रस्ते सिमेंटचे झालेत, गावसमितीचे लोक कचऱ्यावरून बोलतात, म्हणून नायनाय हे काम अंधार पडल्यावर करतात.

थंडीत माझा घसा धरला होता तेव्हा त्यांनी केलेला उपाय तुम्हाला सांगितला नव्हता, आई घाबरली असती. दोन बोटं वाकवून पाण्यात बुडवायची आणि गळ्याची कातडी चिमटीत धरून टकटक आवाज येईपर्यंत ओढायची. पुन्हा पुन्हा, लालजांभळे पट्टे उठेपर्यंत. मी ओरडले तर म्हणतात, उष्णता बाहेर पडतेय. गावात गळ्यावर असे पट्टे घेऊन फिरणाऱ्या बायका दिसल्या की समजायचं, घसा बसलाय. मग त्यांनी मला पाकातल्या पिवळ्या पीचची बाटली उघडून दिली. उत्तर चीनमध्ये आजारी माणसाला हे हटकून देतात, आणि खरं सांगू, बरं त्यानेच वाटलं. रिकामी बाटली फेकत नाहीत. कागदाचा बोळा पेटवून क्षणभर आत धरायचा आणि बाटली पाठीवर पालथी घालायची. आतली हवा गार झाली की ती कातडी ओढून घट्ट बसते. काढल्यावर पाठीवर बांगडीएवढे काळेनिळे गोल. दवाखान्यात याला वेगळी काचेची भांडी असतात, घरोघरी पीचच्या बाटल्या.

आता डॉक्टरांबद्दल. गावात एक म्हातारे दायफू आहेत. दायफू म्हणजे डॉक्टर. सत्तरी कधीच ओलांडलीय. सुरुवातीला माझ्याशी बेतानंच बोलायचे. एकदा विचारलं, भारतात कुठली? सोलापूर म्हटल्यावर काही बोध झाला नाही. मी म्हटलं, डॉ. कोटणीसांचं गाव. तेही कळेना. मग त्यांचं इथलं नाव सांगितलं, 'ख दीहुआ', आणि म्हातारे उठूनच उभे राहिले. बाबा, तुम्ही विचारत होतात ना, युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला आलेल्या कोटणीसांना तिकडे कोणी ओळखतं का? या वयाची माणसं सगळी ओळखतात. ते गेले ते थांग तालुक्यातलं ककोंग गाव याच बाओदिंग भागात आहे. ९ डिसेंबर १९४२, वय अवघं ३२. समाधी श-च्या-च्वांगला आहे. तेव्हापासून दायफूंच्या दवाखान्यात मला चहा मिळतो आणि बाकावर बसून बघायची मुभा.

ते मूळचे 'अनवाणी डॉक्टर'. शाळेत ऐकलं असेल तुम्ही. १९६५ मध्ये माओंनी आरोग्य मंत्रालयाला चांगलंच झापलं होतं की हे शहरातल्या साहेबांचं मंत्रालय आहे, खेड्याकडे बघतच नाही. त्यानंतर गावोगावच्या शेतकऱ्यांच्या पोरापोरींना काही महिन्यांचं शिक्षण देऊन परत गावात पाठवलं. १९६८ पासून हे नाव देशभर झालं, आणि सत्तरच्या दशकात असे दहा लाखांहून जास्त लोक होते. अर्धा वेळ शेतात, अर्धा वेळ औषधात. मजुरीही शेतातल्या कामासारखी गुणांवर मोजायची. लसी टोचणं, बाळंतपणं, विहिरीत औषध टाकणं, सगळं तेच बघायचे. गोळ्या महाग आणि कमी, म्हणून एक सुई (ॲक्युपंक्चरची) आणि एक मूठ झाडपाला, हे तेव्हाचं ब्रीद. रानात फिरून वनस्पती गोळा करायच्या, गावच्या तुकड्यात लावायच्या. १९८५ मध्ये ते नाव सरकारने काढून टाकलं, परीक्षा दिलेले 'गावडॉक्टर' झाले. दायफू परीक्षा पास झाले, पण आयुष्यभराच्या कामाच्या मानाने पेन्शन किती कमी, हे गाऱ्हाणं चहाबरोबर ऐकावंच लागतं.

त्यांच्या दवाखान्यात एक भिंतभर छोट्या खणांचं लाकडी कपाट आहे. प्रत्येक खणात दोन-तीन कप्पे, वर शाईने लिहिलेली नावं, काही पुसट. तोलायला हातात धरायची बारीक दांडीची तागडी, कुटायला पितळी खल. पेशंट आला की आधी चेहरा बघतात, जीभ बाहेर काढायला लावतात, झोप, भूक, शौच विचारतात, मग मनगट उशीवर ठेवून तीन बोटं नाडीवर. यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आणि मग टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यातलं ब्लडप्रेशरचं मशीन ओढतात!

मला आधी वाटायचं, खेड्यातली जुनी माणसं देशी औषधवाली आणि शिकलेली पोरं इंग्रजी औषधवाली. तसं काही नाही. यांची वाटणी आजाराच्या चालीवर आहे. ताप, जुलाब, छातीत दुखणं असं एकदम आलेलं दुखणं असेल तर गोळी, इंजेक्शन, सलाईन. सलाईनचं वेड तर आपल्या खेड्यांपेक्षा कांकणभर जास्तच. हळूहळू मुरलेलं दुखणं असेल तर काढा आणि सुया. ब्लडप्रेशरची रोजची गोळी दायफू स्वतः लिहून देतात आणि काढ्याच्या नादात ती बंद केली तर अक्षरशः शिव्या घालतात. सरकारने घाऊक खरेदी सुरू केल्यापासून त्या गोळ्या मातीमोल झाल्यात, उलट चांगल्या मुळ्या महाग. पूर्वी काढा हे गरिबाचं औषध होतं, आता गरीब गोळीवर भागवतो. विम्यावरूनही कुरकुर असते. २००३ मध्ये खेड्यासाठी योजना निघाली तेव्हा माणशी १० युआन वर्षाला भरायचे, यंदा ४००. नायनाय हिशेब करतात की आपण चौघांचे भरले आणि आजारी मी एकटीच पडले!

तरुण मंडळी सणाला घरी आली की काढ्याकडे बघतही नाहीत, पण तालुक्याच्या दवाखान्यातून यंत्रावर उकळून पिशवीत बंद केलेला तयार काढा मात्र नेतात. गरम पाण्यात पिशवी बुडवली की झालं. दायफूंना हे बघवत नाही.

वसंतात मी आन्कुओला जाऊन आले. औषधी वनस्पतींच्या बाजारासाठी हे गाव शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे, जुनं नाव छीचौ. इथे म्हण आहे की वनस्पती आन्कुओला पोचली की मगच तिचं औषध होतं. औषधराजाचं देऊळ आहे, देव म्हणजे हान राजवटीतला पी थोंग नावाचा सेनापती. पोत्यांच्या राशी, शेवंतीची फुलं, कंदांचे काप, वाळलेली बोरं, गोजी नावाची लाल फळं, आणि आई, तुला हवं असलेलं उत्तर: हो, विंचू असतात, वाळवलेले. घोणीसुद्धा, बांबूच्या कामट्यांवर ताणून वाळवलेल्या. वाघाचं हाड आणि गेंड्याचं शिंग १९९३ पासून बंद आहे. सिकाडा किड्यांच्या टाकलेल्या कातीही औषधात जातात. सध्या आमच्या गावातली पोरं रोज संध्याकाळी पॉपलरच्या झाडांवरून काठीने त्या काढतात आणि विकून खाऊचे पैसे करतात.

बाबा, तुम्हाला आवडेल ते वेगळंच आहे. आन्कुओच्या कारागिरांच्या चार जुन्या करामती सांगतात, त्यातली एक म्हणजे एका सुपारीचे शंभरावर काप. आपली खायची सुपारी हो! इथे ती जंतांवर आणि पोट साफ करायला देतात. भिजवून मऊ करायची आणि पात्याखाली इतके पातळ काप पाडायचे की फुंकरीने उडावेत. तुमचा तो पितळी अडकित्ता त्यांच्यापुढे लाजेल. आणि एका पोत्यात करडईची फुलं. बिया नाहीत, नुसत्या वाळलेल्या केशरी पाकळ्या. आपण रब्बीत करडई पेरतो ती तेलासाठी, हे लोक पाकळ्या खुडून औषधाला घालतात, साकळलेलं रक्त 'हलवायला', बायकांच्या पाळीच्या दुखण्यावर, मुका मार लागला तर, आणि सांधेदुखीवर.

आता इथे नीट लक्ष द्या. गुडघ्याच्या चिनी पुड्यांमध्ये काय असतं, याचं नेहमीचं उत्तर हेच: करडईच्या पाकळ्या, तांग-कुई नावाचं मूळ, तान-शन नावाचं लाल मूळ. तिन्ही रक्त हलवणारी. आणि बाबा हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, घेतात. तान-शन आणि तांग-कुई वॉर्फरिनबरोबर घेतलं तर रक्त नको इतकं पातळ होऊ शकतं, हे डॉक्टरी कागदांत नोंदलेलं आहे. मी दायफूंना तुमची केस सांगितली, नावगाव न सांगता. त्यांनी नाडीवरची बोटं काढून हात झटकावा तसा हात झटकला. म्हणाले, न बघितलेल्या माणसाला मी औषध देत नाही, आणि रक्ताची गोळी चालू असलेल्या माणसाला ही मुळं तर बघूनही देणार नाही.

दुसरी गोष्ट सरमिसळीची. इथे सर्दीवर गरम पाण्यात ढवळून प्यायचे दाणेदार गोड औषध घरोघरी असतं. पुडक्यावर पानाफुलांची चित्रं, आणि आत वनस्पतींबरोबर सरळसरळ पॅरासिटामॉल घातलेलं. पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलंही असतं, पण वाचतो कोण? नायनाय ते पिऊन वर तापाची गोळी घेत होत्या, म्हणजे एकच औषध दुप्पट. मी दाखवल्यावर म्हणाल्या, "म्हणूनच लवकर गुण येतो होय!" हे निदान छापलेलं तरी आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या भुकट्यांत गुपचूप स्टेरॉइड घालायची चलाखी चीनमध्येही चालते आणि आपल्या आठवडी बाजारातही. मामाला दोन दिवसांत गुण आला म्हणे. दोन दिवसांत गुण देणारी मुळी अजून मी तरी इथे बघितली नाही.

आणि 'झाडपाला आहे, अपाय काय होणार' हे मामाचं वाक्य. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली. एका मुळीच्या जागी तिच्यासारख्याच नावाची दुसरी गेली होती. ती दुसरी आपल्या ईश्वरीच्या कुळातली वेल. त्या कुळातलं एक नेहमीचं औषध चीननेच २००३ मध्ये बंद केलं. इथे म्हणच आहे, औषध म्हटलं की त्यात तीन हिस्से विष. दायफू हे अभिमानानं सांगतात, आणि त्याच दमात थू योयो बाईंची गोष्टही. चौथ्या शतकातल्या एका पोथीत तापावर लिहिलं होतं की छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळा असं लिहिलंच नव्हतं. त्यावरून बाईंनी १९७१ मध्ये कमी उष्णतेवर अर्क काढला आणि मलेरियाचं औषध हाती लागलं. २०१५ चं नोबेल त्याचंच. मला त्या गोष्टीत मजा वाटते ती ही की पोथीनं वाट दाखवली, पण शेकडो नमुने तपासावे लागलेच.

तर पावडर नाही. गुडघ्यासाठी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी सुरू करा, आणि आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची, चुकवू नका. सुया टोचून घ्यायची हौस असली तरी आधी त्यांनाच विचारा. आणि आई, कोणीही दिलेलं काहीही, अगदी घरचा काढासुद्धा, बाबांना देण्याआधी त्यांच्या कानावर घाल. मामाला मी वेगळं लिहितेय, तू मधे पडू नकोस.

इथे रविवारपासून उन्हाळ्यातले तीन कडक टप्पे सुरू झालेत. थंडीतल्या दम्या-खोकल्याचा इलाज भर उन्हाळ्यात करायचा, अशी पद्धत. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात सकाळपासून आजी-आजोबा नातवंडांना घेऊन रांगेत. आल्याच्या रसात कालवलेली मोहरीची पूड आणि आणखी काय काय, त्याच्या छोट्या पट्ट्या पाठीवर डकवतात, काही तासांनी काढतात. जळजळते, कुणाला फोडही येतात. एक पोरगं बोंबलत पळालं तर आजी चप्पल हातात घेऊन मागे! शाळांना सुट्टी असल्यामुळे सुटका नाही. दमा किती कमी होतो ते मला माहीत नाही, पण रांगेत बसून गावाच्या सगळ्या बातम्या मात्र कळतात.

बाकी माझी तब्येत उत्तम. डाळ मिळते, तूप संपलंय. उद्यापासून श्रावण, तेव्हा सोमवार मी जमेल तसे करीन. आजीला नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुमची,
मोठी

ता. क. आई, एक काम आहे. दायफूंच्या खणात मला आपला हिरडा सापडला. फार पूर्वी भारताकडूनच इकडे आला म्हणतात, इथे जुलाबावर आणि जुनाट खोकल्यावर देतात. मी म्हटलं, आमची आजी बाळहिरडा एरंडेलात तळून पोट साफ व्हायला देते. म्हाताऱ्यांना पटेना, जुलाब थांबवायचं औषध उलटं कसं चालेल? कोवळा आणि पिकलेला यांत फरक असेल, असं मी म्हटलं. तेव्हा आजीला नीट विचार: कोणता हिरडा, तेलात किती वेळ, आणि एका वेळेला किती. तिची ती 'चिमूटभर' चालणार नाही, इथे तागडी आहे.